दुसरा ब्रेक

बाईंच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, सगळ्या गाड्यांना असतो तसा. दुसरा शेजारच्या सीटपुढे, बाईंच्या पायाशी, ऐन वेळी शिकवणाऱ्याला दाबता यावा म्हणून बसवलेला. शिकणाऱ्याच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत व्हायचं आणि सारखं बदलावं लागायचं. बाईंच्या ब्रेकचं रबर मात्र गाडी घेतली त्या दिवसासारखं करकरीत होतं, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या ते वाकून बघायला लावत.

“मी शेजारी नाहीच असं समजायचं,” त्या पहिल्याच दिवशी बजावत. “गाडी बंद पडली तर पडू दे. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. तुमच्या घरचं काही जात नाही.”

एवढं सांगून झालं की दोन्ही हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारख्या ताठ बसायच्या. भर चौकात गाडी बंद पडो, चालवणाऱ्याला दरदरून घाम फुटो, मागून शिव्या येवोत, बाईंचे हात मांडीवरून हलायचे नाहीत. माणूस रडकुंडीला यायचा, मग कधीतरी त्याला क्लच सापडायचा, गाडी निघायची, आणि पुढच्या वळणावर तोच माणूस स्वतःवर खूश होऊन हसायला लागायचा. ते हसू बघायला बाई हा धंदा करत होत्या, असं म्हटलं तरी चालेल. पलीकडच्या गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. “तो सगळे ब्रेक स्वतःच दाबतो. त्याच्या माणसांना परवाना मिळतो, गाडी येत नाही,” असं त्या नाक मुरडून सांगत.

त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी म्हणजे त्यांचीच लेक. “तिला मी बोटसुद्धा लावलं नाही,” हे वाक्य तर शिकवणीतच धरलेलं होतं. नवरा लवकर गेल्यावर बाईंनी लेकीला एकटीनं वाढवलं, तेही याच पद्धतीनं. चपलेचा बंद तिचा तिनं बांधायचा, शाळेतली भांडणं तिची तिनं सोडवायची. लेक कुठंही अडून राहिली नाही, तेव्हा पद्धतीवर शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

त्या लेकीला मुलगी झाली. बाईंनी नातीचं नाव बोचकं ठेवलं, कारण दुपट्यात गुंडाळल्यावर ती तशीच दिसायची. जावई लेकीच्या वर्गातलाच, त्यामुळं त्यांचं अरे-तुरे. तो पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता. उजाडायच्या आत जायचा, दुपार कलल्यावर यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. माणूस भला, पण थकलेला.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना मधल्या मोकळ्या जागेभोवती वळसे घेत वर जायचा. कुठल्याही मजल्यावर कठड्यावरून वाकलं की थेट तळमजल्याची फरशी दिसायची. बाई रोज सकाळची शिकवणी संपवून, गाडी खाली लावून, धापा टाकत वर जायच्या आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायच्या. हात मांडीवर.

“आई, हिला घेतेस जरा?” लेक विचारायची.

“अगं, मी घेतलं तर माझ्याकडं गप्प बसेल. तुझ्याकडं कधी बसणार? छातीशी धर. हां, डोक्याखाली हात. जमेल.”

आणि जमायचं. बोचकं हुंदके देत देत शांत व्हायचं. बाईंना वाटायचं, बघा, निघाली गाडी. त्या पुढच्या वळणावरचं हसू बघायला थांबायच्या. लेक हसायची नाही. ती भिंतीवरच्या एका डागाकडे बघत उभी असायची, हात मात्र बरोबर डोक्याखाली.

घर लख्ख असायचं. इतकं लख्ख की बाईंना चपला दाराबाहेर काढूनसुद्धा अपराधी वाटायचं. दुधाच्या बाटल्या एकदा उकळायच्या, पुसायच्या आणि परत उकळत ठेवायच्या. बोचकं झोपलं की लेक झोपायची नाही, पाळण्याशेजारी उभी राहून श्वास मोजत राहायची. एकदा बाईंनी फळ कापायला सुरी मागितली.

“वर आहे. कपाटावर,” लेक म्हणाली.

सुऱ्या सगळ्या एका फडक्यात गुंडाळून, गाठ मारून, कपाटावर अगदी मागे ढकलून ठेवलेल्या होत्या. बाईंना स्टुलावर चढावं लागलं.

“एवढ्या वर? बोचकं रांगायला अजून किती अवकाश आहे!” बाई हसल्या. “तू म्हणजे ना, पावसाच्या आधीच छत्री उघडतेस.”

लेकीनं सुरी त्यांच्या हातातून लगेच परत घेतली, धुतली आणि स्टुलावर चढून जागच्या जागी ठेवली. फळ अर्धंच कापून झालं होतं.

आरोग्य केंद्रातली नर्स घरी येऊन गेली, तेव्हाही बाई तिथंच होत्या. नर्स मध्यम वयाची, बोलायला तुटक. तिनं बोचक्याचं वजन केलं, मान डोलावली, मग लेकीकडे वळून विचारलं, “झोप लागते का तुम्हाला?”

लेकीनं तोंड उघडलं होतं. तिला काहीतरी सांगायचं होतं, हे बाईंना नंतर शंभरदा आठवलं. पण त्या वेळी बाईच बोलून गेल्या. “नवीन आईला कुठली हो झोप! ही लहान होती तेव्हा मी तर उभ्या उभ्या झोपायचे. छान चाललंय तिचं. सगळं एकटी करते.”

नर्सनं लेकीकडेच बघत परत विचारलं, “ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” लेक म्हणाली.

आयुष्यभर दुसऱ्याच्या मध्ये न पडणारी ही बाई, आणि पडली ती नेमकी तिथं.

नर्स गेल्यावर लेकीनं बाटल्या उकळायला ठेवल्या आणि पाठ तशीच ठेवून म्हणाली, “आई, तू राहायला येतेस का? थोडे दिवस.”

बाईंच्या मनात आलं, यावं. खरंच आलं. पण शिकवणी होती, आणि शिकवणीपेक्षा मोठी ती पद्धत होती. “मी आले की तुला माझी सवय लागेल,” त्या म्हणाल्या. “मग मी गेले की परत पहिल्यापासून. तुला येतंय सगळं. फक्त स्वतःवर भरवसा ठेव.”

पाणी उकळून खळखळ वाजत होतं.

बोचक्याला लस द्यायची होती. लेकीनं आज नको, उद्या नेते म्हणत ती दोनदा पुढं ढकलली. आधी म्हणाली वारा फार आहे, मग म्हणाली बाळाला सर्दी आहे. बोचक्याला सर्दीबिर्दी काही नव्हती. बाईंनी जावयाला विचारलं, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, “आई, ती खालीच उतरत नाही. बाळ आल्यापासून एकदाही नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

बाईंना ते माहीत नव्हतं, पण ऐकल्याबरोबर त्यांना रोग कळला, असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडं असे पुष्कळ आले होते. गाडी उत्तम चालवणारा माणूस पुलाचा चढ आला की हातपाय गाळतो. त्याला पुलाखालून लांबच्या रस्त्यानं नेलं तर तो जन्मभर लांबच्या रस्त्यानं जातो. त्याच्यावर उपाय एकच: पुलाच्या तोंडाशी गाडी न्यायची, हात मांडीवर ठेवायचे आणि गप्प बसायचं. या उपायानं त्यांच्याकडं शिकणारे एक निवृत्त मास्तरसुद्धा पूल चढले होते, आणि मास्तर म्हणजे दिव्याच्या खांबालाही “माफ करा” म्हणणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळची शिकवणी आवरली, गाडी लेकीच्या दाराशी लावली आणि वर न जाता फोन केला.

“खाली ये. बोचक्याला घेऊन. लस देऊन येऊ.”

“तू वर ये ना, आई.”

“माझे पाय भरून आलेत.” हे साफ खोटं होतं. “तू ये. मी गाडीत आहे.”

“आई, मला नाही जमत जिना.”

“जिन्यात काय न जमायचंय? पायरीवर पाय ठेवायचा, मग दुसरा ठेवायचा.”

“प्लीज, वर ये.” लेकीचा आवाज चिरकला.

चौकात रडकुंडीला आलेल्यांचे आवाज बाईंनी इतके ऐकले होते की आपल्या लेकीचा त्यात वेगळा ऐकू आला नाही. “मी वाट बघते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले आणि समोर बघत बसल्या.

बराच वेळ गेला. येईल, येईल, असं त्या स्वतःला सांगत होत्या. मनातून त्यांना थोडं कौतुकही वाटत होतं, लेकीचं कमी आणि स्वतःच्या धीराचं जास्त. मग तळमजल्यावरच्या दुकानातून शिंपी बाहेर आला. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. ती काढून तो काचेशी वाकला.

“बाई, जिन्यात बाळ रडतंय कधीचं. तुमचंच असावं.”

बाई पळाल्या. दोन जिने कसे चढल्या ते त्यांना आठवत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वर, जिथं जिना वळतो तिथल्या चौकोनात, बोचकं दुपट्यासकट जमिनीवर ठेवलेलं होतं. भिंतीला अगदी चिकटून, कठड्यापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं. रडून रडून जांभळं झालेलं. आणि लेक त्याच्यापासून चार हात दूर, दुसऱ्या कोपऱ्यात, पाठ भिंतीत घुसवून बसली होती. तिचे दोन्ही हात तिच्याच मांड्यांखाली होते. ती हातांवर बसली होती.

“उचल तिला,” लेक म्हणाली. ती रडत नव्हती. दात वाजत होते. “आई, तू उचल. मी हात दाबून ठेवलेत.”

बाईंनी बोचकं उचललं. ते गरम, ओलं आणि संतापलेलं होतं आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

“काय झालं? पडलीस का?”

“नाही. मला दिसतं. कठड्याशी आले की दिसतं, माझ्याच हातातून ती खाली जाते. सुरी घेतली की दिसतं. रोज दिसतं, सारखं. मला तसं करायचं नाहीये गं. मला तिला काही करायचं नाहीये. पण माझे हात कोणाचे आहेत तेच मला कळत नाही.”

बाई पायरीवर बसल्या. कपाटावरचं फडकं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, त्याला मारलेली गाठ आली, आणि त्यावर आपण केलेला छत्रीचा विनोद आला. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की क्षणभर बोचकं धरायलाही आपण लायक नाही असं वाटलं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” शेवटी त्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

लेकीनं त्यांच्याकडं बघितलं. “रोज सांगत होते,” ती म्हणाली. “घेतेस का हिला, म्हणून.”

शिंपी खालून पाणी घेऊन आला. त्यानं तांब्या पायरीवर ठेवला आणि कठड्याला पाठ लावून मध्ये उभा राहिला, कोणी तिकडं जाऊ नये असा. बाईंना जे सुचायला हवं होतं ते त्या परक्या माणसाला न सांगता सुचलं.

जावयाला कारखान्यातून बोलावून घेतलं. तो पिठानं माखलेला तसाच आला. सगळं ऐकून तो पलंगाच्या कडेवर बसला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “ती जागी असते हे मला माहीत होतं,” तो म्हणाला. “मी म्हटलं, आई रोज येतात. काही असतं तर त्यांच्या लक्षात आलं असतं.”

“आणि मी म्हटलं, तू आहेस,” बाई म्हणाल्या.

दोघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त होती, आणि मध्ये लेक एकटी होती. जावयानं लेकीचे हात हातात घेतले. तिनं ते सोडवून घेतले आणि परत मांडीखाली घातले.

तशीच त्यांनी आरोग्य केंद्राची वाट धरली. जिना उतरताना बोचकं जावयाकडे होतं आणि लेक भिंतीला घासत, डोळे मिटून उतरली. डॉक्टरीणबाईंच्या खोलीशी तीच तुटक बोलणारी नर्स उभी होती. तिनं लेकीला आत घेतलं, मागोमाग निघालेल्या बाईंना मात्र दारातच अडवलं.

“तुम्ही बाहेर बसा.”

“मी तिची आई आहे.”

“म्हणूनच,” नर्स म्हणाली. “मागच्या वेळी तुम्हीच उत्तर दिलंत.”

ते बाईंच्या वर्मी लागलं. त्या बाकावर जाऊन बसल्या. बोचकं जावयाच्या खांद्यावर, पिठाच्या डागावर तोंड खुपसून झोपलं होतं. दार बंद होतं आणि आतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. लेकीला घेऊन जातील का? आता बाळ तिच्याजवळ ठेवणार नाहीत का? आपण तिला पुलाच्या तोंडाशी नेलं नसतं तर? की नेलं नसतं तर कोणाला कळलंच नसतं? या शेवटच्या विचारात सुटकेची वाट आहे हे बाईंच्या लक्षात आलं, आणि ती वाट आपण शोधली याची त्यांना लाज वाटली.

दार उघडलं तेव्हा लेकीचे डोळे सुजले होते, पण खांदे जरा खाली आले होते. डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही समोर बसवलं. बाळंतपणानंतर येणारा हा आजार आहे, त्यांनी सांगितलं, आणि हा बरा होतो. असले विचार पुष्कळ आयांना येतात, फक्त कोणी बोलत नाही. विचार येणं आणि तसं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिला ते विचार नको आहेत, त्यांची भीती वाटते, म्हणूनच तिनं सुऱ्या उचलून ठेवल्या. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या देते, दर आठवड्याला येऊन बोलायचं, आणि सध्या हिला घरात एकटं ठेवायचं नाही. काही वेगळं वाटलं तर वेळकाळ न बघता यायचं.

“तिच्यावर संशय म्हणून एकटं ठेवायचं नाही असं नाही हं,” डॉक्टरीणबाईंनी जावयाला बजावलं. “तिला झोप मिळावी म्हणून.”

बाहेर पडताना नर्सनं बाईंना बाजूला घेतलं. बाईंना वाटलं आता कानउघाडणी होणार, आणि खरं म्हणजे त्यांना ती हवीच होती. कोणीतरी झाडलं असतं तर जरा हलकं वाटलं असतं. पण नर्सकडे तेवढा वेळ नव्हता.

“दुपारी बाळाला तुम्ही घ्यायचं आणि हिनं दार लावून झोपायचं. ती नको म्हणाली तरी बाटल्या तुम्ही धुवायच्या. बरं वाटतंय का, असं सारखं विचारायचं नाही. तुम्हाला जे वाईट वाटतंय ते तिच्यापुढं काढत बसायचं नाही, नाहीतर ती तुमची समजूत काढत बसेल. आणि उपदेश अजिबात करायचा नाही. जमेल?”

जमेल, हा शब्द बाईंना स्वतःच्या तोंडून फार परिचयाचा होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तो किती कोरडा लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बाई लेकीकडे राहायला गेल्या. दुपारची शिकवणी बंद केली. त्या बाटल्या धुवायच्या, दुपटी वाळत घालायच्या, बोचक्याला खांद्यावर टाकून खोलीभर येरझारा घालायच्या आणि ओठ घट्ट मिटून ठेवायच्या. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड होतं. जावयानं कारखान्यात सांगून पाळी बदलून घेतली. तो संध्याकाळी अंघोळ घालायला शिकला, आणि पहिल्या दिवशी बोचक्यापेक्षा स्वतःच जास्त भिजला. लेक त्या दिवशी किंचित हसली. बाई आतल्या खोलीत जाऊन रडल्या, कारण लेकीपुढं रडायची मनाई होती.

मध्येच एखादा दिवस वाईट जायचा. लेक उठायचीच नाही, किंवा म्हणायची, “तिला दुसरी आई मिळायला हवी होती.” तेव्हा बाई तिच्याजवळ पलंगावर बसून राहायच्या. लेकीचा पाय हातात घ्यायच्या. त्यांना सांगावंसं वाटायचं की अगं, चुकीची आई तुला मिळाली. पण नर्सचा चेहरा आठवून त्या ते गिळायच्या आणि पाय दाबत राहायच्या.

इकडे गाडीत वेगळंच होऊन बसलं. सकाळच्या शिकवणीत मास्तर मोकळ्या रस्त्यावरून छान चालले होते, आणि बाईंनी खाडकन ब्रेक दाबला. मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला.

“काय आडवं आलं?” त्यांनी विचारलं.

काहीच आलं नव्हतं. फुटपाथवर एक बाई बाळाची गाडी ढकलत चालली होती, तीही रस्त्यापासून चांगली लांब. बाईंचा पाय अजून ब्रेकवरच होता.

“माफ करा,” बाई म्हणाल्या. मास्तरांना हा शब्द आपला वाटला असावा, कारण ते गोंधळले. त्यानंतर नव्या माणसांना रबर दाखवायचं बाईंनी सोडून दिलं.

दिवस गेले. सुऱ्यांचं गाठोडं आधी कपाटावरून मधल्या फळीवर आलं. मग एक दिवस लेकीनं गाठ सोडली, एक सुरी काढली, बोचकं पाळण्यात असताना फळ कापलं आणि पूर्ण कापलं. ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन यायची, जावई नाहीतर बाई बरोबर, पण जिन्यात बोचकं कायम दुसऱ्याकडे असायचं. ती पुढं भिंतीकडून उतरायची आणि मागं वळून बघायची नाही.

मग एका सकाळी लस द्यायची पुढची वेळ आली. जावई कामावर होता. बाईंनी पिशवी भरली, बोचक्याला टोपी घातली आणि उचलायला हात पुढं केले.

“आज मी घेते,” लेक म्हणाली.

नको, असं बाईंच्या ओठांवर आलं. जमेल, असंही आलं. त्यांनी दोन्ही शब्द परत आत ढकलले. “मी कुठं थांबू?” त्यांनी विचारलं.

लेकीनं विचार केला. “माझ्यापुढं. एक पायरी खाली. माझ्याकडं तोंड करून.”

अशी ती वरात निघाली. बाई उलट्या पावलांनी, एका हातानं कठडा चाचपत, दुसरा हात बोचक्याखाली धरून. त्यांचे गुडघे आता खरोखरच भरून आले होते. लेकीची नजर पायऱ्यांवर होती आणि ती तोंडानं श्वास घेत होती. जिना वळतो त्या चौकोनाशी ती थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

“आई, घे.”

शब्द पुरता व्हायच्या आत बाईंनी बोचकं घेतलं. लेक पायरीवर बसली. तिनं हात समोर धरले, उलटसुलट करून बघितले आणि गुडघ्यांवर ठेवले. मांडीखाली घातले नाहीत. बाई तिच्या आणि कठड्याच्या मध्ये बसल्या.

“तू सगळ्यांना सांगतेस ना, मला शिकवताना बोटसुद्धा लावलं नाहीस म्हणून,” लेक म्हणाली.

बाईंनी मान खाली घातली. “आता नाही सांगत.”

“खरंच आहे ते. नाही लावलंस. पण तुझा पाय त्या ब्रेकवर असायचा. मी सारखी बघायचे. तू समोर बघत बसायचीस तेव्हा मी तुझ्या पायाकडं बघायचे. तो तिथं होता म्हणून मला कधी भीती वाटली नाही.” तिनं बोटानं खाली दाखवलं. “त्या दिवशी तू खाली गाडीत होतीस.”

ती रागानं बोलत नव्हती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. बाईंना बोलायचं होतं, चुकले म्हणायचं होतं, पाया पडायचं होतं. पण लेकीला त्यांची समजूत काढायला लावायचं नव्हतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “हो. खाली होते.”

बोचक्यानं जांभई दिली आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. लेकीनं वाकून ती सरळ केली. मग उभी राहिली आणि हात पुढं केले.

“दे.”

आता बाईंना भीती वाटत होती, साधीसुधी नाही, हाडं गोठवणारी. खाली अडीच मजले होते, कठडा हाताच्या अंतरावर होता, आणि समोर त्यांची लेक होती. त्यांनी बोचकं तिच्या हातात दिलं आणि एक पायरी खाली उतरून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

“हात खाली घेऊ नकोस,” लेक म्हणाली.

“नाही घेत,” बाई म्हणाल्या.